पाठकोऱ्या कागदांची पोथी

या वैशाखात नांदेडला केतकीकडे गेले, तर तिच्या लेकीनं मला आधी हात धुवायला पाठवलं. मला वाटलं, जेवायची पानं घेतली असतील. पण सईला तिचं नवं पुस्तक दाखवायचं होतं आणि त्या पुस्तकाला उन्हातून आलेल्या माणसाचे घामेजलेले हात चालत नाहीत. सई तेरा वर्षांची आहे. केतकी माझी चुलत बहीण, म्हणून मी सईची मावशी. पण पुस्तकाच्या बाबतीत ती नातंबितं बघत नाही.

पुस्तक मांडीवर घेतलं तर चांगलंच जड. सध्या पोरं ज्या जादूच्या मालिकेपायी वेडी झाली आहेत, तिचं हे सोबतपुस्तक. मालिकेची गोष्ट त्यात नाहीच. त्यातल्या राज्यांचे नकाशे आहेत, राजघराण्यांच्या वंशावळी आहेत, कुणाच्या तलवारीला काय म्हणतात ते आहे, आणि त्या राज्यात सणाला काय रांधतात त्याची साग्रसंगीत कृतीही आहे. मी विचारलं, "सगळी मालिका बघून झाली ना? मग आता हे कशाला?" सईनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. म्हणाली, "मावशी, मालिकेत सगळं थोडंच दाखवतात?"

तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. गाव गोदावरीकाठचं असलं तरी केतकीच्या वसाहतीत यंदा चैत्रापासून टँकरच येतोय. गॅलरीत काकू बसली होती. काकू म्हणजे केतकीची आई, आता पासष्टीच्या पुढची. हॉर्न ऐकताच तिच्या पायांनी खुर्चीखाली चपला चाचपायला सुरुवात केली. पाणी खालच्या टाकीत पडतं, मोटारीनं वर चढतं, कुणी घागर उचलायची नसते. तरी तिचे पाय चपला शोधतात. केतकी स्वयंपाकघरातूनच ओरडली, "आई, बस तू." काकू बसली, आणि माझ्या डोळ्यांपुढे तिचा दुसराच एक पाय आला, लातूरच्या आमच्या घरातल्या लोखंडी कॉटवरून खाली आलेला.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझे वडील नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि जिल्हा जणू त्यांनीच केला अशा थाटात कचेरीत जायचे. पत्रावर कुणी चुकून जुन्या जिल्ह्याचं नाव लिहिलं की ते पोस्टमनला ऐकवत. या अभिमानाचा आम्हाला एक रोकडा फायदा झाला. जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे कचेरीत बाद होऊन पडले होते. त्यातले थोडे साहेबांना विचारून वडिलांनी घरी आणले. एका बाजूला 'जिल्हा उस्मानाबाद, अर्जदाराचे संपूर्ण नाव, जमिनीचा गट क्रमांक' आणि दुसरी बाजू कोरी करकरीत. माझी पाचवीपासूनची सगळी गणितं त्या पाठकोऱ्या कागदांवर सुटली, म्हणजे जी सुटली ती.

जिल्हा नवा होता, पाणी मात्र नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. नळाला आठ-आठ दिवस थेंब यायचा नाही. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो रविवारी, कधी सकाळी दहाला, कधी दुपारी बाराला, त्याच्या मर्जीनं. हॉर्न वाजला की गल्लीतल्या बायका पदर खोचून धावत आणि दहा मिनिटांत रस्त्यावर घागरी, बादल्या, तेलाचे डबे आणि भांडणं यांची एकच गर्दी होई.

त्या उन्हाळ्यात काकू आमच्याकडे आली. तिचं सासर, म्हणजे आमचंच मूळ गाव, शिरूर अनंतपाळकडे. तिथली विहीर आटली की कोसभरावरून पाणी आणावं लागे. सलग दोन उन्हाळ्यांत काकूची दोन मुलं पोटातच गेली होती. घरात यावर कुणी बोलत नसे. ती मात्र एकदा आईला सरळ म्हणाली, "आक्का, दोनी बी लेकरं माझ्या डोक्यावरच्या घागरीनं नेली बघा." तिसऱ्या वेळी दिवस गेल्यावर काकांनी एका ओळखीच्या जीपमध्ये गादी टाकून तिला लातूरला आणलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बजावलं, सातवा महिना सरेपर्यंत पाय खाली ठेवायचा नाही. न्हाणीपर्यंत जायचं तेही धरून धरून. नाहीतर हेही राहायचं नाही.

आमच्या घरात एकच पंखा होता. तो असलेली खोली काकूला मिळाली. पंखा जुना, फिरताना कुरकुर करायचा. ती कुरकुर ऐकतच घरातल्या सगळ्यांचे दिवस चालायचे. काकू पंख्याखाली आडवी पडून छताकडे बघायची आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जन्मात कधी दिवसाउजेडी अंथरुणाला पाठ लावलेली नव्हती. जाऊ एकटी पाणी भरते आणि आपण लोळतो, हे तिला सहन होत नव्हतं. पहिल्याच रविवारी हॉर्न वाजला आणि आई बाहेरून येऊन बघते तर काकू दारात, हातात घागर. आईनं तिला धरून कॉटवर नेलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "शोभे, तू पाणी भरायला येऊ नकोस. टँकर जाईपर्यंत काकूला कॉटवर ठेवायचं. एवढं एकच काम तुझं." मी बारा वर्षांची होते. घागर परवडली असती.

रविवारी सकाळी टीव्हीवर जादूची मालिका लागायची. सात दारांच्या महालात कोंडलेली राजकन्या, तिला कोंडणारा लांब नखांचा जादूगार आणि तिला सोडवायला निघालेला, पण दर आठवड्याला वाट चुकणारा राजपुत्र. टीव्ही आमच्याकडे नव्हता, समोर अव्वांकडे होता. अव्वा म्हणजे समोरच्या लिंगायत आडत्यांच्या घरातल्या थोरल्या बाई, माहेर उदगीरकडचं, बोलण्यात मध्येच कानडी हेल. त्यांच्या ओसरीवर अख्खी गल्ली बसायची. काकूला तिथवर चालत जाणं शक्य नव्हतं, तेव्हा मी बघून यायचे आणि तिला सांगायचे. पण सांगताना माझी त्रेधा उडायची. कुणाचा मामा कोण, अंगठी कुणाकडे गेली, सगळी खिचडी. मग मी लिहून आणायला लागले, त्याच पाठकोऱ्या कागदांवर. आईनं पोती शिवायच्या दाभणानं ते शिवले आणि झंपराच्या उरलेल्या लाल कापडाचं वेष्टण घातलं. लाल वेष्टण बघून काकूनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर ते बाड कपाळाला लावलं. त्या दिवसापासून त्या वहीला पोथी म्हणायचं ठरलं.

आणि पोथी म्हटल्यावर पोथीचे नियम आले. काकूच्या माहेरी दर अधिक महिन्यात पारायण असे, त्यामुळे हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. वाचायच्या आधी हात धुवायचे. वाचताना वही जमिनीवर ठेवायची नाही. आणि मुख्य म्हणजे अध्याय अर्धवट सोडून जागचं उठायचं नाही, वाचणाऱ्यानं नाही आणि ऐकणाऱ्यानंही नाही. हा शेवटचा नियम मला कळला तो दुसऱ्याच रविवारी. मी वाचत होते, बाहेर हॉर्न वाजला, काकूचं अंग ताठ झालं, पण ती उठली नाही. नुसती म्हणाली, "बिगीबिगी वाच गं." त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढच्या रविवारपासून मी टँकर येईतो वाचायला घ्यायचेच नाही, आणि हॉर्न वाजला रे वाजला की सुरू करायचे. अध्यायही लांबवत न्यायचे. राजपुत्र एक डोंगर चढला असेल तर मी तीन चढवायचे. शेवटची घागर घरात येऊन पडल्याचा आवाज आला की मगच त्याला खाली उतरवायचे.

लांबवायला मजकूर लागतो, म्हणून पोथीत नकाशे आले. सात दारांचा महाल टीव्हीवर नुसता धुरात दिसायचा. मला भव्य इमारत ठाऊक होती ती एकच, आमच्या बाजारातली गंजगोलाई. तेव्हा महाल गोल झाला आणि त्याला चहूबाजूंनी रस्ते फुटले; एका रस्त्यावर मी चुकून भांड्यांची दुकानंही काढली. जादूगाराच्या किल्ल्याला औशाचा बुरूज दिला, कारण औशाला आमची सहल गेली होती. काकूनं नकाशा निरखून विचारलं, "म्हंजे राजपुत्र औशाहून येस्टीनं आला तर गोलाईपाशीच उतरंल की." मी हो म्हणाले. वंशावळ काढली, जादूगाराच्या खोडी लिहिल्या, राजकन्येच्या दागिन्यांना नावं दिली. सईच्या पुस्तकात जे जे आहे ते बहुतेक आमच्या पोथीत होतं, चित्रं सोडून. माझ्या चित्रांबद्दल न बोललेलंच बरं.

काकूचे प्रश्न तर टीव्हीवाल्यांना कधी सुचले नसते. "राजकन्या जेवती काय?" मी लिहिलं, येसराची आमटी, भाकरी आणि सणाला धपाटे. "आन् तिची न्हाणी कुठं हाय?" महालाला न्हाणी जोडली. मग एकदा ती म्हणाली, "शोभे, एवढा मोठा महाल. तिथं पानी कोण भरतं?" मी म्हटलं, दाखवलं नाही अजून. ती म्हणाली, "दाखीवतील. कुनीतरी असंलच."

असा वैशाख सरला, ज्येष्ठ लागला. काकूला सहावा महिना संपत आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढे पंधरा-वीस दिवस सगळ्यांत नाजूक. आणि नेमकं त्याच आठवड्यात भरलेली बादली उचलताना आईचा उजवा हात मुरगळला. हळद-चुना लावून फडकं बांधलं, पण रविवार थोडाच थांबणार होता?

त्या रविवारी मी अव्वांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि मालिकेची सुरुवातीची तुतारी वाजायच्या आतच लाईट गेली. गल्लीतली सगळी माणसं काळ्या पडद्याकडे टक लावून बसून राहिली, जणू बघत राहिलं तर ती येईल. अव्वा पदरानं वारा घेत म्हणाल्या, "येतंय बघ, आता येतंय." नाही आली. अर्ध्या तासानं पोथीत एक ओळही न लिहिता घरी परतले आणि उंबऱ्यात पाऊल टाकते तोच टँकरचा हॉर्न. आई एका हातात घागर घेऊन माझ्या अंगावरूनच बाहेर गेली. वडील कचेरीच्या कामानं रेणापूरला गेले होते.

बाहेर त्या दिवशी भांडण जोरात होतं. "एका हातानं कशाला झोंबती गं, हो मागं," असं कुणीतरी आईला म्हणालं, ते आम्हाला खोलीत ऐकू आलं. खोलीत कसा कोण जाणे, बाहेरचा शब्द न् शब्द येत होता. काकू उठून बसली. आमच्या उरलेल्या दोन्ही घागरी कोपऱ्यात रिकाम्या होत्या, तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि डावा पाय खाली सोडला. तळवा फरशीला टेकला. हातात पोथी होती, पोथीत आजचा अध्याय नव्हता. मी दारातच उभ्या उभ्या वही उघडली, कोऱ्या पानाकडे बघितलं आणि वाचायला सुरुवात केली.

"अध्याय तेरावा. जादूगारानं महालाच्या फरशीवर मंत्र टाकला. जो कुणी त्या फरशीवर पाय ठेवील त्याचा दगड होईल. राजकन्या झोपाळ्यावर बसली होती. तिचा एक पाय खाली होता."

काकूनं माझ्याकडे बघितलं. तो पाय हळूहळू वर गेला. मग ती भिंतीला टेकून बसली आणि तिनं नेहमीसारखे हात जोडले.

पुढे मी काय काय वाचलं ते देव जाणे. राजकन्येची एक मैत्रीण होती, केतकी नावाची. महालात पाणी भरायची ती हीच. तिला म्हणे मंत्र लागत नव्हता, कारण तिचे पाय सदा ओले असायचे आणि ओल्या पायांवर जादू चालत नाही. ती राजकन्येला म्हणाली, तू फक्त बसून राहा, बसून राहणं हेच तुझं काम, बाकीचं मी बघते. मग ती सात दारांतून सात घागरी घेऊन आली. सात झाल्या तरी आई आली नव्हती म्हणून आठवं दार काढलं, नववं काढलं. अखेर माजघरात घागर टेकल्याचा आवाज आला, पाठोपाठ अव्वांचा आवाज आला, "ठेव बाई, तू खाली ठेव, मी ओतते." आईच्या मदतीला त्या स्वतः धावल्या होत्या. मी म्हटलं, "अध्याय समाप्त," आणि वही मिटली.

त्या दुपारी मी तो अध्याय आठवून आठवून पोथीत उतरवला. पुढचा आठवडा माझा फार जड गेला. लाईट गेल्याचं अव्वा बोलून जातील म्हणून मी त्यांना काकूपाशी एकटं बसूच दिलं नाही. त्या आल्या की मी आडत बाजारातले भाव विचारायचे. पुढच्या रविवारी टीव्हीवर राजकन्या बागेत खुशाल चालताना दिसली, तेव्हा चौदाव्या अध्यायात मला केतकीकडून घाईनं मंत्र उतरवून घ्यावा लागला. काकूनं सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "बरं झालं. पोरीनं लई सोसलं."

आषाढ कोरडाच आला. सातवा सरला, आठवा सरला, आणि काकूला मुलगी झाली. रंगानं सावळी, रडायला खणखणीत. वडिलांनी तिच्या जन्माच्या नोंदीत जिल्हा लातूर असं पडलेलं दोनदा वाचून घेतलं. बारशाला पाळण्याभोवती गल्ली जमली. काकूनं नाव सांगितलं, केतकी. सगळ्यांना वाटलं, असेल कुणाच्या आवडीचं. अव्वांनी विचारलं, "कुठून काढलंस गं नाव?" काकू म्हणाली, "जादूच्या मालिकेतलं हाय की." अव्वा एकही रविवार न चुकवणाऱ्या. म्हणाल्या, "ह्या नावाचं कुणी न्हाई बा त्यात." मी घाईनं घुगऱ्यांचं ताट अव्वांपुढे धरलं. काकू शांतपणे म्हणाली, "टीव्हीत नसंल, अव्वा. पोथीत हाय."

मी मोठी झाले, बँकेत लागले, पन्नाशी ओलांडली. लेखिका वगैरे झाले नाही. खोटं लिहायला लागणारी छाती त्या एका दुपारी खर्ची पडली असावी. पण केतकीला हाक मारताना मला दर वेळी थोडं चोरट्यासारखं वाटायचं. बिचाऱ्या काकूला मी फसवलं आणि त्या फसवणुकीचं नाव तिनं भाबडेपणानं पोटच्या पोरीला ठेवलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. एकीकडे बरंही वाटायचं. केतकी आहे, हसते, चिडते, नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवते. मग खोटं तर खोटं.

यंदा मात्र त्या चपला शोधणाऱ्या पायांनी मला बोलतं केलं. मी गॅलरीत जाऊन काकूशेजारी बसले आणि सांगून टाकलं. म्हटलं, "काकू, तेरावा अध्याय टीव्हीवर नव्हताच गं. त्या दिवशी लाईट गेली होती. मी सगळं मनानं रचलं. कोरं पान वाचत होते."

काकू खाली टँकरकडे बघत होती. म्हणाली, "ठावं हाय की."

"ठाऊक होतं? कधीपासून?"

"तवाच. माझ्या डोक्यावर पंखा बंद पडला होता गं. तू यायच्या आधी अर्धा तास मी घामानं चिंब होऊन पडले होते. लाईट न्हाई म्हंजे अव्वाचा टीव्ही तरी कशावर चालंल?"

त्या दिवशी खोलीत बाहेरचा शब्द न् शब्द का ऐकू येत होता, हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी कळत होतं. पंख्याची कुरकुर नव्हती.

सई आमचं बोलणं ऐकत दारात उभी होती. काकू तिला म्हणाली, "कपाटातली माझी पोथी आन जा." सई आत गेली. न्हाणीघरात नळ सुटल्याचा आवाज आला. कुणी न सांगता ती हात धूत होती. मग लाल कापडातलं बाड दोन्ही हातांवर घेऊन आली. कागद पिवळे पडले आहेत. तेरावा अध्याय तिनं उजेडाकडे धरला, तर पाठीमागचं 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' आरपार दिसत होतं. ती तिथेच बसून वाचायला लागली.

मी काकूला विचारलं, "मग बोलली का नाहीस? पाय खाली टेकला होता तुझा. उठून गेली असतीस तर मी काय करणार होते?"

"जायचंच होतं मला. आक्का तिकडं एका हातानं झुंजत होत्या, मला पडून राहायला तोंड नव्हतं. आन् जायाचं न्हवतं बी. भ्या वाटत होतं लेकराचं. पाय वर घ्यावा वाटत होता, पर कशाच्या नावावर घ्यावा?" तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तेवढ्यात तू आलीस आन् वाचायाच लागलीस. अध्याय सुरू झाल्यावर मग मधनंच उठून कसं चालंल?"